चौकातली गुळगुळीत फरशी

जरा खाली बघा. तुमच्या टाचेखाली आहे ना, ती मी. चौकातली फरशी. शिंप्याच्या दुकानाकडून नळाकडे निघालात की मधोमध लागते ती. दचकू नका. दिवसभर तुम्हा सगळ्यांचं बोलणं मी ऐकून घेते, आज माझं थोडं तुम्ही ऐका.

माझा जन्म खाणीतला. थरावर थर असे आम्ही पडून होतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग पहारी आल्या, थर सुटले, आणि एका पाथरवटानं ठोकून ठोकून मला चौकोनी केलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं तुम्ही म्हणता. मी घाव सोसले आणि फरशी झाले. तक्रार नाही. देवापुढे माणसं मागायला येतात, माझ्यावर नुसती उभी राहतात. त्यापेक्षा माझंच बरं आहे.

ट्रकमधून आले तेव्हा माझी वरची बाजू खरखरीत होती. हात फिरवला तर सालटं निघेल अशी. नगरपालिकेला चौकात नैसर्गिक दगडच हवा होता आणि ते काम मिळालं चौकातच राहणाऱ्या एका फरशीवाल्याला. मिळालं म्हणजे त्याच्या मावशीनं मिळवून दिलं. चौकाच्या या बाजूला तो आणि त्याची आई, समोरच्या बाजूला मावशी. नगरपालिकेचे इंजिनिअर मावशीकडे भाड्यानं राहायचे. तिनं त्यांच्यामागे लकडाच लावला, "आमच्या पोराच्या हाताला तोड नाही."

हात चांगलाच होता, खोटं कशाला बोलू? एकेक फरशी तो जीव लावून बसवायचा, हातोड्याच्या दांड्यानं ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचा. खाली पोकळ राहिलं तर आवाज वेगळा येतो. मला त्यानं दोनदा उचलून पुन्हा बसवलं. पण गडी सगळा जन्म घरातल्या फरश्या करत आलेला. घरातली फरशी चांगली झाली हे कसं ओळखायचं? वर लावलेला दिवा खाली दिसला पाहिजे. हेच त्याचं शिक्षण. मग चौकाचं काम संपल्यावर, कुणी सांगितलं नसताना, पदरचे दिवस घालून त्यानं सगळ्या चौकावर पॉलिशचं मशीन फिरवलं.

काय दिसायला लागले मी! ढग दिसायचे माझ्यात. बाया पदर सारखा करायला माझ्यापाशी थांबायच्या. साहेब लोक आले, वाकून वाकून बघून गेले. मावशी दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की हे माझ्या भाच्याचं काम. मलाही आवडलं. आवडणारच की, आजवर मला सुंदर कोण म्हणालं होतं? तुम्ही तर माठ माणसालाही दगड म्हणता.

रोज सकाळी सफाईवाली पाइप लावून चौक धुते. त्यानंतर तासभर आम्ही ओल्या असतो. तेवढ्यात माणसं घसरायला लागली. माणूस पडला की आधी इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं का म्हणून. लागलंय का, हे तो नंतर बघतो. कपडे झटकतो, चपलेला शिव्या देतो आणि चालू लागतो. दोष चपलेचा, घाईचा, नाहीतर स्वतःच्या वयाचा. एवढ्या देखण्या फरशीला कोण बोल लावणार? त्यामुळे फरशीवाल्याच्या कानावर काही गेलंच नाही. तो तर चौक धुवायच्या आधीच कामावर निघालेला असायचा.

त्याची आई रोज त्याच वेळी बहिणीकडे जायची. झाकलेली वाटी पदराखाली, आणि तोंडानं कालचं अर्धवट राहिलेलं भांडण. दोघींचे नवरे कधीच गेलेले. दोघींना एकमेकींशिवाय करमायचं नाही आणि एकमेकींशी पटायचंही नाही. एके दिवशी तिचा पाय माझ्यावर पडला आणि सटकला. माझ्यावर धरायला काही नव्हतंच. ती कमरेवर आपटली. शिंपी धावत आला, त्यानं तिला उठवून घरी नेलं. दारात तिनं त्याला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की यातलं एक अक्षर माझ्या पोराला कळता कामा नये.

मुलाला तिनं सांगितलं, खाटेवरून उतरताना कंबर लचकली. त्याला खरं सांगितलं तर त्याचा जीव तुटणार. बहिणीला सांगितलं तर ती चौकात उभी राहून त्याचे वाभाडे काढणार, कारण शब्द तिनं टाकला होता. हाड मोडलं नव्हतं. पण धास्ती बसली ती बसलीच. महिना गेला, कंबर बरी झाली, तरी बाई उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकेना. दारात उभी राहून माझ्याकडे बघायची आणि परत आत जायची. बहिणीला निरोप गेला, मला काम आहे. तिकडून उलट निरोप आला, मलाही भरपूर कामं आहेत. समोरची खिडकी बंद झाली. मावशी थोरली; तिला वाटलं, धाकटीला आता पोराच्या यशाचा ताठा आला. दोघींच्या हातात दिवस असे कितीसे उरले होते? आणि ते त्या असे घालवत होत्या. मला फार वाईट वाटायचं. पण मला कोण विचारतंय!

शेवटी फरशीवाल्यालाच राहवेना. एका सकाळी तो कामावर गेला नाही. आईला म्हणाला, वाटी दे, मीच जातो मावशीकडे, काय बिनसलंय ते विचारून येतो. चौक नुकताच धुतलेला. तो आपला रुबाबात निघाला, स्वतःच्या कामाकडे बघत बघत. आई मागे दारात.

"अरे, त्या फरशीवरून नको!" ती ओरडली. "मी तिथंच पडले होते."

त्यानं मान वळवली आणि तेवढ्यात पाय माझ्यावर आला. वाटी एकीकडे, तो एकीकडे. लोक हसले. तो मात्र उठेचना. बसल्या बसल्या त्यानं माझ्यावरून तळहात फिरवला, पुन्हा फिरवला. मग आईकडे बघितलं. आईनं पदर तोंडाला लावला होता.

दुसऱ्या दिवशी तो टाकी आणि हातोडा घेऊन आला. आईच्या दारापासून मावशीच्या दारापर्यंत एकेका फरशीवर टाकीनं बारीक टाके घालून ती खरखरीत करायला लागला. लोक जमले. शिंपी म्हणाला, वेड लागलं का रे, एवढी चकाकी घालवतोस? इंजिनिअरसाहेब समजूत घालून गेले. तो मान वर करेना. डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडत होतं, आणि ते दगडाच्या कपच्यांमुळे नव्हतं. घराघरांतून केलेल्या कामापेक्षा त्याला हे काम प्यारं होतं. ते तो स्वतःच्या हातानं फोडत होता. मला दुखलं, पण हूं की चूं केलं नाही.

पट्टा पुरा झाला तेव्हा त्यानं त्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि आईपुढे हात केला. तिनं हात धरला नाही. एक पाऊल टाकलं, थांबली, दुसरं टाकलं. माझ्यावर आली तेव्हा अंगठा रुतवून बघितला. मी तिला घट्ट धरून ठेवलं. मग ती न थांबता पलीकडे गेली. मावशी दारातच होती, कमरेवर हात ठेवून.

"इतके दिवस कुठं होतीस गं?"

"वाट नीट नव्हती, ताई. आता पोरानं करून दिलीय."

मावशीनं तिच्याकडे बघितलं, भिजलेल्या पट्ट्याकडे बघितलं, खाली मान घालून उभ्या असलेल्या भाच्याकडे बघितलं. तिला सगळं उमजलं. तोंडाची तोफ होती ती, पण वाभाडे काढायचं तिनं सोडून दिलं. बहिणीचा दंड धरून तिला आत नेलं. पाठोपाठ खिडकी उघडली आणि थोड्याच वेळात आतून भांडणाचा आवाज यायला लागला. फरशीवाला तिथंच उकिडवा बसून ऐकत राहिला. मग त्यानं टाकी उचलली आणि उरलेल्या चौकाला हात घातला.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. दोघी बहिणी गेल्या. शिंप्याच्या दुकानात त्याची सून बसते. फरशीवाला अजून मधून मधून येतो, पण आता त्याला खाली बसता येत नाही. उभ्या उभ्या पायानं चाचपतो आणि जातो. मशीन फिरवलं नाही तरी तुमचे हजारो पाय मला रोज घासतातच. त्याचे टाके बुजत चाललेत आणि मी पुन्हा गुळगुळीत व्हायला लागलेय. परवा एक बाई म्हणाली, किती छान दिसते ही फरशी.

नका हो मला छान म्हणू. आज ना उद्या कुणाची तरी आई ओल्या चौकातून बहिणीकडे निघेल. ती निघायच्या आत कुणीतरी टाकी घेऊन या.