भोपळा पुढे सरकवा

काडीने लांब बाकाचं एक टोक उचललं आणि हाळी दिली, "अरे, कुणीतरी ते टोक धरा की! मी काय हत्ती आहे?"

ढोल्या धावला. धावला म्हणजे, साठी उलटलेला गवंडी जितपत धावू शकतो तितपत. दोघांनी बाक खिडकीपाशी नेऊन टेकवला, अगदी पूर्वीच्या जागी.

शाळेच्या जुन्या जेवणघरात आज सगळा वर्ग जमत होता. महिनाभर फोन करकरून काडीनेच हा घाट घातला होता. लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे आवाज खणखणीत. 'काडी' हे नाव आता तिच्या अंगाला मुळीच शोभत नव्हतं. पण आज कुणी खऱ्या नावाने हाक मारली असती, तर तिने ओ दिली नसती.

"हाच तो खांब!" फुग्याने खांबाला मिठीच मारली. फुग्या आता दातांचा डॉक्टर होता. "इथेच मास्तरांनी मला अंगठे धरून उभं केलं होतं."

"कशाबद्दल?"

"हसलो म्हणून."

"मग?"

"मग अंगठे धरूनही हसलो!"

एकच हशा पिकला. मग मास्तरांच्या पट्टीच्या गोष्टी निघाल्या. ज्याच्या त्याच्या गोष्टीत पट्टी वीतभर वाढत होती. शेवटी ढोल्याने टेबलावर थाप मारली.

"काडे, भोपळ्याची गोष्ट सांग!"

काडी याचीच वाट बघत होती. ती उभीच राहिली.

"मास्तरांचा नियम काय? जेवताना तोंड फक्त खायला उघडायचं, आणि ताट लख्ख झालं पाहिजे. मला तो उकडलेला लाल भोपळा घशाखाली उतरायचा नाही. त्या दिवशी खाल्लेला सगळा उलटून पडला. मास्तरांनी नवा ढीग वाढला आणि म्हणाले, 'हिचं ताट संपेपर्यंत कुणी उठणार नाही.' बाहेर खेळाची घंटा झाली. माझ्या डोळ्यांतलं पाणी भोपळ्यात. तेवढ्यात मास्तर खिडकीकडे वळले, आणि या ढोल्याने माझं ताट ओढलं!"

"मोठ्ठा घास घेतला," ढोल्या म्हणाला.

"आणि पुढे सरकवलं. ताट चाललं बाकावरून! ज्याने त्याने एकेक घास घेतला. आणि टोकाला कोण बसलेलं?"

"मास्तरांची लेक!" सगळे एका सुरात ओरडले.

"म्हटलं, आता ही चहाडी करणार. पण ताट परत आलं ते रिकामं! मास्तर वळले, बघत राहिले, पट्टी काखेत मारली आणि म्हणाले, 'उठा.' असे सुटलो आपण!"

टाळ्या पडल्या. त्या ओसरल्या तशी दारातली बाई सगळ्यांना दिसली. पांढरे केस, खांद्याला पिशवी. चेहरा थेट मास्तरांचा.

"हिलाही बोलावलंस?" फुग्या कुजबुजला.

"वर्ग म्हणजे सगळा वर्ग," काडी म्हणाली आणि पुढे होऊन तिने त्या बाईचा हात धरला. "ये गं. नेमकी वेळेवर आलीस. सांग बघू यांना, ताट तुझ्याकडे आलं तेव्हा कितीसा भोपळा उरला होता?"

बाई अवघडून बाकाच्या कडेला टेकली.

"बराच," ती म्हणाली. "ढोल्याने घेतला एक घास. बाकीच्यांनी नुसतंच पुढे सरकवलं."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग फुग्याला हसू फुटलं आणि पाठोपाठ सगळा बाक गदागदा हलू लागला.

"खरंय! माझी तर छातीच झाली नाही!"

"मला वाटलं, पुढचा खाईल!"

काडी हसता हसता थांबली. "म्हणजे उरलेला सगळा... तू एकटीने?"

"हाताने भरला तोंडात. चमच्याला वेळ कुठे होता? बाबा वळणारच होते." आता तीही हसत होती. "गालफडं ही एवढी फुगलेली! बाबांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे."

"त्यांना कळलं होतं?"

"तुम्ही सगळे खेळायला पळालात ना," ती म्हणाली, "मला बाबांनी मागे थांबवून घेतलं होतं."

तिने पिशवी खांद्यावरून काढून मांडीवर घेतली. त्या दिवशी मैदानावर कोण कोण होतं, हे काडी आठवू पाहत होती. आपण किती धावलो, किती ओरडलो, तेवढंच तिला आठवलं.

ती बाकावर त्या बाईला अगदी खेटून बसली.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली.

ढोल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काडीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू नाही. ती सांगेल."