विसर्जन घाटावरचं पाणी

पाहुण्याला गढूळ पाणी देऊ नये, ही आमच्या गावची रीत. कमळाकरने ती पाणी तपासायला आलेल्या मॅडमनाही लागू केली.

रंजिता मॅडम पनवेलच्या प्रयोगशाळेतून आल्या होत्या. नदीचं पाणी भाजीला चालतं की नाही, हे ठरायचं होतं. अर्ज भामाचा. कारखान्यांकडून येणारा नाला नदीला मिळतो, त्याच्या खालच्या अंगाला तिचा पंप. तिच्या लाल माठाची पानं कडेने करपायला लागली होती.

कमळाकर तिचा चुलत दीर, माजी सरपंच. त्याचे ट्रक कारखान्यांत लागलेले, म्हणून नदीवर त्याचा भारी विश्वास. त्याने मॅडमना नेलं नाल्याच्या वरच्या विसर्जन घाटावर. पायऱ्या झाडलेल्या, खुर्ची मांडलेली, हातात सरबत. बाटली भरली, पाणी असं की तळाचे गोटे दिसावेत. गावाने माना डोलावल्या. अहवाल वाईट आला तर बाजारात आपली भाजी कोण घेईल, ही धास्ती सगळ्यांनाच होती.

तेवढ्यात भामा आली, काखेत माठाच्या जुड्या घेऊन.

"भावोजी, या घाटावर आमी गनपती बुडवतो. माठ नाय शिपत."

कमळाकर हसला. मॅडमना म्हणाला, वहिनी भोळ्या आहेत, नदी वर काय नि खाली काय, एकच.

भामाला हे लगेच पटलं. एकच असेल तर ही जुडी घ्या, म्हणाली, आताच खुडलीय, सूनबाईला दुपारी करायला सांगा.

कमळाकरचे हात पाठीमागे गेले. डॉक्टरने पालेभाजी बंद केली होती म्हणे. भामाने जुडी बाकीच्यांपुढे फिरवली. कोणाचा उपास निघाला, कोणाच्या घरी भाजी शिजलेली होती. इतके उपास आमच्याकडे चतुर्थीलाही नसतात.

मॅडमनी बाटलीचं झाकण काढलं आणि पाणी पायरीवर ओतून दिलं.

"ताई, तुमचा पंप कुठे आहे?"

अहवाल आला: क्षार फार, पालेभाजीला पाणी अयोग्य. भामाने उभा माठ स्वतः उपटला. अहवालाची एक प्रत नाल्याच्या तक्रारीला जोडली, दुसरी पंपाच्या खोलीवर डकवली, रस्त्यावरून वाचता येईल अशी.

कमळाकर धावत आला. कागद काढा म्हणाला, गावची भाजी आता कोण घेणार?

"तुमी तरी कुटं घेतली?" भामा म्हणाली, आणि कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला.