पट्टीवरच्या पाच खाचा

माझं तोंड फटकळ आहे, हे सगळ्या खारबावला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, ह्या गोष्टीत चूक माझी आहे आणि ती मीच सांगणार. दुसऱ्या कुणी सांगितलेली मला चालायची नाही.

आमचे हे, नाव घ्यायचं तर जानू, भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका गल्लीत लाकडाच्या लेथवर कामाला होते. लूमच्या धोट्यात बसते ना, सूत गुंडाळलेली लाकडी कांडी, ती तिथं निघायची. मशीनवर लाकूड गरगर फिरायचं, हे समोरच्या लोखंडी पट्टीवर पटाशी टेकवायचे, भुसा उडायचा आणि कांडी तयार. एकतीस वर्षं एकाच मशीनवर. लग्न झालं त्या वर्षी त्याच मशीनवर माझ्यासाठी शिसवीचं लाटणं काढून आणलं. एका टोकाला तीन रेघा, दुसऱ्या टोकाला दोन. शेजारणी हसायच्या, "गो बकुळा, हे लाटणं न्हाय, कांडी हाय!" मी म्हणायचे, तुमच्या नवऱ्यांनी तेवढं तरी आणलंय का?

पुढं प्लास्टिकच्या कांड्या आल्या. कारखाना बंद पडला, मशिनं भंगारात गेली. त्यातच ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. उरलेली म्हणजे काय, तर उजेड आणि सावली कळते. माणूस आवाजावरून ओळखायचं.

तेही मी सोसलं असतं. पण हे गप्प झाले. दिवसभर खाटेवर बसायचे आणि अंगठ्यानं खाटेची कड चाचपायचे, इकडून तिकडं, तिकडून इकडं. मी ओरडायचे, "अहो, किती घासाल? खाट झिजंल." तर नुसतं "हं." अशी तीन वर्षं. ज्या माणसाशी रोज भांडल्याशिवाय मला अन्न गोड लागलं नाही, तो भांडायचाच थांबला. देवाशप्पथ म्हणायला आमच्यात देव नाही, पण खरं सांगते, घर खायला उठायचं.

ह्यांची एक जुनी बढाई होती, "कांडी मी डोळं मिटून काढतो." एक दिवस पोळ्या लाटताना ते आठवलं आणि मी लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिले. म्हटलं, मिटलेच आहेत डोळे, आता बघू या तर!

मग निघाले मशीन शोधायला. दर रविवारी खारबावहून भिवंडी, तिथून निजामपुऱ्यातलं एकेक भंगाराचं दुकान. लोकांना वाटायचं म्हातारी बाटल्या विकायला आलीय. पाचव्या रविवारी एका वखारीच्या मागं, पत्र्यांच्या ढिगाखाली चार लेथ पडले होते. चारही सारखेच, गंजून तांबडेलाल. पण एकाच्या पायाला वाकवलेल्या खिळ्याचा हुक होता. तो हुक ह्यांनी माझा डबा अडकवायला ठोकून घेतला होता. इतकी वर्षं माझ्या हातची भाजीभाकरी त्या हुकाला लटकली होती. मी तो हुक पदरानं पुसला.

भंगारवाला चाचा म्हणाला, "अम्मा, ये तो लोहा है, इसका क्या करोगी?"

मी म्हटलं, "मेरे आदमी का है. तुम बस भाव बोलो."

ह्यांना पंधरा दिवस अंजूरला नणंदेकडं पाठवलं. आमची लेक दीक्षा तिथल्याच एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, तिनं टेम्पो पाठवला. चार हमालांनी मशीन पडवीत उतरवलं. दीक्षानं मोबाइलवर बघून बघून सगळं केलं. सिमेंटचा ओटा घातला, रबरी नळीत पाणी भरून पातळी साधली, नटबोल्ट आवळले. आपल्या घरात कारखान्यासारखी थ्री फेज लाइन कुठली, म्हणून नागसेन वायरमननं छोटी मोटर बसवली. पहिल्यांदा चालू केलं तर मशीन उलटंच फिरलं. नागसेन म्हणाला, "काकू, हे तुमच्यावर गेलंय." मी त्याला तसाच चहा न देता घालवणार होते.

घासायचं काम मात्र माझं. रॉकेल, नारळाची शेंडी, पॉलिश पेपर. माझी भांडी कुणीही येऊन बघावीत, त्यांत तोंड दिसतं. मशीनमध्येही दिसायला लागलं. एक पटाशी टेकवायची पट्टी तेवढी राहिली. तिच्या पुढच्या कडेला उंदरानं कुरतडल्यासारखं झालं होतं. दीक्षा म्हणाली, "आई, पट्टी गुळगुळीत पायजे, न्हायतर पटाशी अडकते, हितं लिवलंय." मी कानस घेतली आणि दोन दुपारी घासून ती कड अशी केली की माशी बसली तर घसरावी.

हे आले. मी हात धरून पडवीत नेलं आणि हात मशीनवर ठेवला. एक शब्द बोलले नाही, आणि ते मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

ह्यांचा हात चाकावरून फिरला, मोटरच्या पट्ट्यावर गेला. चेहरा असा उजळला की काय सांगू. मग अंगठा पट्टीच्या कडेला लागला. इकडून तिकडं गेला. तिकडून इकडं आला. पुन्हा गेला. हळूहळू तो उजेड चेहऱ्यावरून उतरला.

"माझं मशीन न्हाय हे," ते म्हणाले.

"न्हाय कसं? खाली वाका, हुक बघा!"

वाकले. हुक सापडला. तो मुठीत धरून तसेच बसून राहिले. मग विचारलं, "मंग माझ्या खाचा कुठं गेल्या?"

"कसल्या खाचा?"

"पाच खाचा. कानशीनं पाडलेल्या. अंगठा पहिल्या खाचेत आला का पहिली रेघ मारायची, दुसरीत आला का दुसरी. डोळं मिटून काढायचो ते त्यांच्यावर."

खाटेच्या कडेवर अंगठा काय शोधत होता, ते तेव्हा कळलं. आणि मी ओरडत होते, खाट झिजंल! मी भिंतीवर डोकं टेकलं आणि मोठमोठ्यानं रडले. "मी घासल्या हो! ह्या हातांनी घासून टाकल्या. हात झडू दे माझे!"

दीक्षा धावत बाहेर आली. ह्यांनी पट्टीवरून अंगठा पुन्हा एकदा फिरवला. मग म्हणाले, "रडं आवर. लाटणं आण."

मला वाटलं डोकं फिरलं. पण आणलं. लाटणं त्यांनी पट्टीला समांतर धरलं, कडेला लावलं आणि अंगठा त्याच्या पहिल्या रेघेवर ठेवला. "ह्या त्याच खाचांवरच्या रेघा हायेत. दुसरं माप माझ्याकडं व्हतं कुठं? घे कानस. अंगठ्याच्या नखाला लागून पाड."

इतकी वर्षं मी मशीनचं माप हातात घेऊन पोळ्या लाटत होते! मी एकेक खाच पाडली. चौथीला डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबवला नाही.

दुसऱ्या दिवशी दीक्षासाठी लाटणं काढायला घेतलं. बटणावर मी, पटाशीवर हे. पडवीभर भुसा उडाला आणि सागाचा वास सुटला. मध्येच मशीन थांबवायला लावून ह्यांनी रेघा चाचपल्या. "चौथी खाच तांदळाभर सरकलीय."

मी लगेच कानस उचलली. "थांबा, नीट करते."

त्यांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. हिच्यावर अंगठा आला का मला कळंल, तू हितं हायस."

"हितंच हाय की! मी मेली कुठं जाणार हाय? आन् तुम्ही जरा..."

"बास! लाकूड फिरताना बडबडायचं न्हाय. किती येळा सांगायचं?" हे खेकसले. "बटण दाब."

तीन वर्षांनी माझा नवरा माझ्यावर खेकसला. मी बटण दाबलं, तोंडाला पदर लावला आणि लाटणं होईपर्यंत गप्प उभी राहिले.