उदाहरणातली बस

झान वेइजोंगने सुजूताईंना बसखाली घातलं ते निव्वळ उदाहरणादाखल. पण देवळामागच्या स्वयंपाकघरात, देवीच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने, असली उदाहरणं द्यायची नसतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शिन्चू शहरातल्या एका कारखान्यात तो प्रोजेक्ट मॅनेजर होता. तिथे त्याने उभी हयात हेच उदाहरण दिलं आणि लोक मान डोलावून ते लिहून घेत.

"समजा," तो म्हणाला, "उद्या सुजूताई बसखाली आल्या. मग डबे कोण पोचवणार?"

भाताच्या कुकरची वाफ तेवढी चालू राहिली. स्वयंपाक सांभाळणाऱ्या बाओझूने डाव खाली ठेवला, डाव्या खांद्यावरून "थू थू थू" केलं आणि भाजी चिरायच्या लाकडी पाटावर बोटाने टकटक केलं.

"कुठल्या बसखाली?" तिने विचारलं.

"कुठल्याही."

"गावात एकच बस येते. ती माझा भाचा चालवतो."

"अहो, मी समजा म्हटलं."

"म्हणजे समजा माझ्या भाच्याने सुजूताईला मारलं."

सुजूताई कोपऱ्यात स्टुलावर बसून शेंगा मोडत होत्या. सत्तरी उलटलेली बाई, डोक्यावर पुढून तडा गेलेलं हेल्मेट. स्कूटरवरून उतरल्यावरही त्या ते काढत नसत, कारण पुन्हा घालायचंच असतं.

"मरायला माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "पण ती बस कुत्रं आडवं आलं तरी थांबते. तिच्याखाली यायचं तर मला मुद्दाम वेळ काढून जावं लागेल. मॅनेजरसाहेब, ट्रक नाही का चालणार?"

हसून झाल्यावर सर्वानुमते ठरलं की मॅनेजरसाहेबांनी सुजूताईंना डुकराचे पाय घातलेल्या शेवया खाऊ घालाव्यात. कुणी अपघातातून वाचलं, तुरुंगातून सुटलं किंवा कुणाबद्दल भलतंसलतं बोललं गेलं, की या भागात तो अपशकुन शेवयांनीच धुऊन काढतात. झानने नकार दिला. एकदा शेवया केल्या की प्रत्येक उदाहरणाला कराव्या लागतील, आणि त्याच्याकडे उदाहरणं पुष्कळ होती.

बाओझूच्या भाच्याने मात्र गोष्ट मनाला लावून घेतली. सुजूताईंच्या गल्लीच्या कितीतरी आधीपासून तो हॉर्न वाजवायला लागला आणि गल्लीसमोरून बस अशी नेऊ लागला, की शेजारून गोगलगाय पुढे जावी. बाजाराला उशिरा पोचणारे लोक झानला शिव्या देऊ लागले.

झान निवृत्तीनंतर गावी, आईच्या रिकाम्या घरात परतला होता. सुरुवातीला त्याने घराचं नियोजन केलं. घरात तो एकटाच असल्यामुळे ते लवकर संपलं. मग कळलं, की मात्सूदेवीच्या देवळात गावातले लोक एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी दुपारचे डबे भरतात, ज्यांची पोरं तैपेईला नाहीतर ताओयुआनला जाऊन तिकडचीच झाली अशांसाठी. तो मदतीला गेला. त्याला गाजरं सोलायला दिली. काही दिवस त्याने गाजरं सोलली, मग तो फळा घेऊन आला.

कारण तिथे योजना अशी नव्हतीच. सगळं काम सुजूताईंच्या डोक्यात होतं. कुणाला दात नाहीत, कुणाचं कुत्रं चावतं, कोण बहिरं आहे म्हणून दार न वाजवता खिडकी बडवायची, सगळं त्या हेल्मेटखाली. चुकीच्या गोष्टीही तिथेच होत्या. खो आजोबांना मासा आवडत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण त्यांच्या हाडांना मासाच हवा असं सुजूताईंनी ठरवलं होतं, म्हणून रोज मासा आणि रोज दारात भांडण. "विष घाल त्यापेक्षा!" आजोबा ओरडत. "तेही घातलं असतं, पण ते महाग पडतं!" सुजूताई ओरडत. डबा रिकामा होऊन परत येई.

एकदा भांडी घासताना सुजूताईंच्या मुलाचा फोन आला. जुनहोंग ताओयुआनला एका उंच इमारतीत राहायचा. आईसाठी खोली तयार होती, तिच्या खिडकीतून दुसऱ्या उंच इमारतीतली तशीच खोली दिसायची.

"कशी येऊ रे?" सुजूताई म्हणाल्या. "इथे माझ्यावाचून म्हातारे उपाशी मरतील. सगळे मेले की येते."

फोन ठेवल्यावर बाओझू फिदीफिदी हसली. "कधीपासून हेच सांगतेय!"

झान हसला नाही. त्याने लाल खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: 'सुजूताईंना मुलगा केव्हाही नेईल. शक्यता दाट. उपाय: त्यांच्यावाचून चालेल असं करणे.' त्याने त्यांचं वाक्य शब्दन् शब्द बरोबर ऐकलं होतं. ते कारण होतं की सबब, एवढंच तपासायचं राहून गेलं.

मग अख्खा शरद ऋतू तो सुजूताईंच्या स्कूटरवर मागे बसून फिरला. त्या बोलत, तो लिहून घेई. "घट्ट धरा, मॅनेजरसाहेब," त्या वळणावर ओरडत, "नाहीतर बसखाली मी यायच्या आधी तुम्हीच माझ्या स्कूटरखाली याल!" फेरी संपली की त्या आपल्या ओट्यावर चहा करीत आणि पेरू कापून त्यावर आलुबुखाराची आंबटगोड पूड भुरभुरत. नवरा गेल्यापासून ओट्यावर दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून झान पालथ्या बादलीवर बसे. पुढे पुढे त्याला सकाळपासून त्या बादलीचेच वेध लागायला लागले. हे त्याने फळ्यावर लिहिलं नाही. त्यासाठी खडूचा रंग ठरलेला नव्हता.

सगळं उतरवून झाल्यावर त्याने सरावाचा दिवस ठरवला. त्या दिवशी सुजूताई नाहीत असं धरून डबे पोचवायचे. कामाशी ज्याचा ज्याचा संबंध, तो सरावाला हजर हवा, असा त्याच्या कारखान्याचा दंडक होता. म्हणून त्याने स्वतः फोन करून जुनहोंगलाही बोलावलं.

सुजूताईंना देवळाच्या अंगणात लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवण्यात आलं.

"मेलेल्या माणसाने बोलायचं नाही," झान म्हणाला. "खाणाखुणाही नाहीत."

"चहा?"

"चहा चालेल."

"मग मेले," म्हणून त्यांनी कप हातात घेतला.

सराव इतका सुरळीत झाला, की बघवत नव्हतं. न्हाव्याने चावऱ्या कुत्र्यासाठी हाडूक नेलं. निवृत्त पोस्टमनने बहिऱ्यांची खिडकी बडवली. दात नसलेल्यांना पेज गेली. खो आजोबांच्या डब्यात, त्यांच्या आवडीनुसार, टोफू गेला. तो भरताना पाहून सुजूताईंचं तोंड उघडलं, मग मेल्याचं आठवून मिटलं.

तेवढ्यात जुनहोंग गाडीतून उतरला आणि धावतच आला. "आईला काय झालं?"

"मेलीय," बाओझू म्हणाली. "मॅनेजरसाहेबांनी मारली. बस यायला वेळ होता, म्हणून खुर्चीवर."

त्याला सगळं समजावून सांगण्यात आलं. त्याने फळा वरपासून खालपर्यंत वाचला. डबे रिकामे होऊन परत आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यानेही वाजवल्या. मुलगा वाईट नव्हता. त्याचा चेहरा खराच उजळला होता.

"आई! म्हणजे तुझ्यावाचून चालतं की गं इथे!"

सुजूताईंनी झानकडे पाहिलं. बोलायची परवानगी मागताहेत, हे त्याला कळलं. त्याने घड्याळ पाहिलं. सराव संपायला थोडा अवकाश होता. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

त्या बोलल्या नाहीत. नियम त्याचा होता, आणि इतक्या दिवसांत त्यांनी त्याचा तेवढा एकच नियम पाळला.

पुढचं सगळं आईमुलाने चहा संपायच्या आत ठरवलं. म्हणजे मुलाने ठरवलं आणि आईचा चहा संपला. नव्या वर्षाच्या आत ताओयुआन.

"काहीतरी सांगा ना त्याला," झान दुसऱ्या दिवशी ओट्यावर म्हणाला. तो बादलीवर बसलेलाच नव्हता.

"काय सांगू? माझ्याकडे एकच सबब होती. चांगली टिकाऊ होती हो. मुलाला वाईटही वाटत नव्हतं." त्यांनी पेरू कापला. "तुम्ही ती खोलून दुरुस्त केलीत."

"मला वाटलं, ती अडचण आहे."

"होतीच. माझी होती."

तेव्हा झानने आपलंच काम बिघडवायचं ठरवलं. त्याने डब्यांवरच्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या. पोस्टमनने त्या मुकाट्याने जागच्या जागी लावल्या, कारण चिठ्ठ्या चुकल्या तर काय करायचं हे फळ्यावर लिहिलेलं होतं. त्याने स्कूटरची किल्ली लपवली. दुसरी किल्ली न्हाव्याकडे होती, हेही फळ्यावर होतं. शेवटी तो स्वतःच आजारी पडला. त्या दिवशी डबे नेहमीपेक्षा लवकर पोचले आणि बाओझूने निरोप धाडला, की सावकाश बरे व्हा, घाई नाही. आयुष्यात एवढं पक्कं काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

मग तो देवीपुढे गेला. आजवर त्याने तिला काही विचारलं नव्हतं. त्याने कौल लावायच्या लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात घेतल्या, सुजूताई राहतील का असं विचारलं आणि त्या जमिनीवर टाकल्या. दोन्ही उताण्या पडल्या. याचा अर्थ, देवी हसते आहे. त्याने पुन्हा विचारलं. देवी पुन्हा हसली. वरिष्ठ हसायला लागले की पुढे विचारायचं नसतं, एवढं तो नोकरीत शिकला होता.

जायच्या दिवशी जुनहोंग गाडी घेऊन आला. सुजूताईंनी गाडीत सामान घातलं आणि स्वतः स्टेशनपर्यंत बसने जायचं ठरवलं. मुलाने पुष्कळ समजावलं.

"मॅनेजरसाहेबांनी बस म्हटलंय ना," त्या म्हणाल्या, "मग बसच. सामान काय, कशानेही जाईल."

झान थांब्यावर उभा होता. हातात डबा, शर्टावर सोया सॉसचे शिंतोडे. डब्यात डुकराचे पाय घातलेल्या शेवया होत्या. सुजूताईंनी झाकण उघडलं, हेल्मेट मागे सारलं आणि उभ्या उभ्या एक घास घेतला. चावायला बराच वेळ लागला.

"पाय शिजले नाहीत."

"वेळ कमी पडला."

"तुम्हाला?" त्या म्हणाल्या.



"आधी करायला हव्या होत्या," तो म्हणाला.

"हो," सुजूताई म्हणाल्या. उगाच नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

लांबून हॉर्न ऐकू येऊ लागला. बस आली आणि थांब्याच्या बरीच अलीकडे उभी राहिली. बाओझूचा भाचा सुजूताईंच्या जवळ चाक आणायला अजूनही तयार नव्हता. त्या शेवयांचा डबा घेऊन बसपर्यंत चालत गेल्या, मागोमाग झान. पायरीवर त्यांनी हेल्मेट काढलं आणि झानच्या हातात दिलं. त्याखालचे केस पांढरेशुभ्र आणि चप्प बसलेले होते. ते त्याने पहिल्यांदाच पाहिले.

"खो आजोबांना मासा द्या," त्या म्हणाल्या.

"त्यांना आवडत नाही."

"मग?"

बस गेली, ती रस्ता मोकळा असूनही तितकीच हळू. झानला हवं असतं तर तो चालत तिला गाठू शकला असता. त्याचा हात हेल्मेटच्या तड्यावरून फिरत राहिला आणि बस वळली.

दुपारी त्याने पोस्टमनकडून खो आजोबांचा डबा मागून घेतला, टोफू काढून मासा घातला आणि स्वतः पोचवायला गेला. आजोबांनी दारातच झाकण उघडलं.

"हा काय प्रकार आहे? सुजूला बोलव. शिव्या घालायच्यात."

"त्या गेल्या, आजोबा. ताओयुआनला. शिव्या मला घाला."

आजोबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. काखेतलं हेल्मेटही पाहिलं.

"तुला कशाला घालू?" ते म्हणाले. "तुझी माझी ओळख काय?" आणि त्यांनी दार लावून घेतलं.

झान बाहेर उभा राहिला, आत काहीतरी आपटेल, निदान एखादी शिवी तरी ऐकू येईल म्हणून. आतून फक्त चॉपस्टिक डब्याला लागल्याचा बारीक आवाज येत होता. भांडायला कुणी नव्हतं, म्हणून म्हातारा मुकाट्याने मासा खात होता.