चाळीस मिनिटांवरची लेक

लेकीचं गाव विमानाने चाळीस मिनिटांवर. रस्त्याने जायचं तर डोंगराला अख्खा वळसा, रात्र गाडीतच जाते. लग्न ठरवताना व्याही म्हणाले होते, "लांब कसलं? हाक मारली की आली तुमची पोर." बोलायला काय, जिभेला हाड नसतं.

परवा दुपारी जावयाचा फोन आला. "आई, ती सारखी तुम्हालाच विचारते आहे. डॉक्टर म्हणाले, रात्र निघणं कठीण." आहे त्या कपड्यांनिशी मुलाला घेऊन निघाले.

विमानतळ म्हणजे पत्र्याची शेड. विमान एवढंसं, म्हणून माणसंही तोलून घेतात.

"आजी, काट्यावर उभ्या राहा."

"का रे, मी सिमेंटचं पोतं वाटले?"

"सगळ्यांचंच करतो, आजी."

उभी राहिले. त्याने आकडा मोठ्याने वाचला. म्हटलं, "दवंडी पण पिटून ये."

वजन जास्त भरलं. एका गृहस्थाच्या यंत्राच्या दोन जड पेट्या होत्या. तो पेट्या सोडेना, बाकीचं कुणी उतरेना. मी त्याला म्हटलं, "बाबा, तुझं यंत्र उद्याही असेल. माझी लेक नसेल." त्याने मान खाली घातली, पण पेटीवरचा हात काही उचलला नाही. शेवटी माझा मुलगाच म्हणाला, "आई, तू हो पुढे. मी राहतो." मग पुन्हा सगळा हिशेब, पुन्हा सह्या. तोवर ऊन उतरलं.

विमानात मी पहिल्यांदाच बसले. भीती वाटायला जागाच नव्हती मनात. डोंगर खालून सरकला आणि गाव दिसलं. धावपट्टीच्या कडेला दवाखाना, दुमजली, पांढरा. जावयाने सांगितला होता अगदी तसा. वरच्या मजल्यावर दिवे लागले होते. विमानाने एक फेरा घेतला, मग दुसरा.

पायलट मान वळवून म्हणाला, "खाली धावपट्टीला दिवे नाहीत. अंधार पडला, उतरता येणार नाही. परत जावं लागेल, आपल्याकडे दिवे आहेत."

"अरे, तो काय दवाखाना. माझी लेक आहे तिथे."

"आजी, सगळ्यांचा जीव जाईल."

जन्मभर कुणाला शेवटचा शब्द बोलू दिला नाही मी. तिथे गप्प बसले. दिवे मागे गेले, मग डोंगर आला.

मुलगा शेडमध्येच बसला होता. मला उतरताना बघून उभा राहिला. काही विचारायच्या आतच त्याचा फोन वाजला. जावयाचा होता.

जावई भला माणूस, त्याला बोल लावत नाही. त्या गावावरून दुसरं विमान जातच नाही. आवाज ऐकल्याबरोबर तो तिला म्हणाला, "आली बघ तुझी आई." तिने केस नीट करून घेतले. उशी उंच करायला लावली. दाराकडे तोंड करून पडून राहिली.

"शेवटपर्यंत दाराकडेच बघत होती," तो सांगत होता. "आई आली म्हणून समाधानाने गेली."

येणारेजाणारेही तेच बोलतात. तेवढं तरी सुख मिळालं म्हणे. मी हो म्हणते. त्यांना काय सांगू? आई गावात आली, आणि एक जिना चढून वर येईना, असं वाटत माझी पोर गेली.