ठाण्यातल्या गौरी

चोरीला गेल्या होत्या त्या दगडी मूर्ती. बरुआसागरकडच्या एका जुन्या देवळातून, दोन, चांगल्या पुरुषभर उंचीच्या. आणि झडतीत पोलिसांनी उचलून नेले ते कांचनच्या घरचे गौरींचे पितळी मुखवटे, ओंजळीत एक मावेल एवढे. दगड आणि पितळ यांतला फरक तीन शिपाई, एक दीवानजी आणि एक दरोगा अशा पाच जणांना मिळून कळला नाही. ज्याला कळला असेल त्यानं तोंड उघडलं नाही, कारण रिकाम्या हातानं परत जाऊन वरच्यांना दाखवायचं काय?

मूर्ती रेल्वेच्या पार्सलातून बाहेर गेल्या असा कुणाला तरी संशय आला होता, म्हणून नगरा या रेल्वेच्या वस्तीतल्या पार्सल क्लार्कांच्या क्वार्टरांच्या झडत्या. कांचनचा नवरा विद्याधर हा असाच एक क्लार्क. घरात उचकापाचक चालली असताना तो दारात उभा राहून शिपायांना "पानी लेंगे? शरबत लेंगे?" विचारत होता. कांचन सात महिन्यांच्या इंदूला खांद्याशी धरून भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि कुणाचा हात कुठे जातोय ते बघत होती. ट्रंकेतून लाल फडक्यातलं गाठोडं निघालं. दरोगा रिछारियांनी ते सोडलं आणि दोन्ही मुखवटे खिडकीच्या उजेडात धरले.

"बाकी कहाँ है?"

"बाकी म्हणजे... बाकी क्या, साहब?" विद्याधर म्हणाला.

"धड़! मुंडी काट के रख ली, धड़ किसको बेचा?"

विद्याधरला हसू आलं, आणि ते त्यानं भीतीनं गिळलं. नेमकं ते रिछारियांनी पाहिलं. "लिखो दीवानजी," ते म्हणाले, "दो अदद मुंडी, पीतल. धड़ नदारद."

दीवानजी, म्हणजे ठाण्यातले हेड कॉन्स्टेबल, यांनी तसं लिहिलं. विद्याधरनं न वाचता खाली सही केली. वर "शुक्रिया" म्हणाला. घर उपसून दिल्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात जाऊन बाकावर दोन तास बसून आला. "कचेरीतून, म्हणजे कोर्टातून सोडवून घ्यावे लागतील म्हणतात. दोन-तीन महिने."

"गौरी परवा आहेत."

"मग या वर्षी खड्यांच्या बसव ना. पाच खडे पाण्यावरून आणले की झालं. कोकणस्थ तेच करतात."

"मग तुम्ही कचेरीत अर्ज करा," कांचन म्हणाली, "परवापर्यंत कोकणस्थ करून मिळावं म्हणून."

पण हा चेष्टेचा विषय नव्हता, निदान तिच्यापुरता. वैशाखात इंदूला डांग्या खोकला झाला होता. एवढंसं पोर निळं पडायचं आणि पुढचा श्वास येतो की नाही हे मोजत कांचन बसायची. त्यातल्या एका दुपारी तिनं ट्रंक उघडून मुखवट्यांना सांगितलं होतं, ही जगू दे, यंदा तुम्हाला माझ्या हातांनी बसवीन. ग्वाल्हेरच्या कॉलेजात तिनं तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलं होतं. या सगळ्यावर आपला विश्वास आहे का, असं कुणी विचारलं असतं तर तिला उत्तर देता आलं नसतं. एवढंच, की इंदूच्या बाबतीत तिला प्रयोग करून बघायचे नव्हते.

आवाहनाच्या दिवशी अनुराधा नक्षत्र संध्याकाळी पाचपर्यंत होतं. विद्याधर सकाळीच ऑफिसला निघून गेला. आज पार्सलं फार होती म्हणे. कांचननं डालड्याचे दोन मोठे डबे गव्हानं भरले. दोन तांबे, दोन साड्या, कुंकवाची डबी, इंदूचे लंगोट आणि उकळून गार केलेलं पाणी घेतलं, आणि टांगा करून ती ठाण्यावर गेली.

रिछारिया पान लावत होते. तान्हं मूल घेऊन आलेल्या बाईला कुणी खुर्ची दिली नाही. मुखवटे मालखान्याच्या, म्हणजे जप्त माल ठेवतात तिथल्या टेबलावर होते. धाकटीच्या खाली कागदांची चळत उडू नये म्हणून दाबलेली होती, आणि थोरलीच्या कपाळावर, अगदी कुंकवाच्या जागी, लाखेचं सील होतं.

"आपने धड़ पूछा था," कांचन म्हणाली. "लेकर आई हूँ."

डबे पाहून शिपाई खिंकाळले. "डालडे का धड़! चोरी शुद्ध घी की थी क्या?"

तिनं इंदूला मांडीएवढ्या दुपट्यावर ठेवलं, तिच्या तोंडावरून माशी हाकलली आणि कामाला लागली. डब्यावर तांबा उपडा ठेवला, ती मान झाली. निऱ्या घातल्या, पदर काढला, मुखवटे वर बसवले. लाखेवर कुंकू लावलं. पंधरा मिनिटांनी तिथे दोन बायका उभ्या होत्या.

एका शिपायानं टोपी काढली. मग रिछारियांनी जोडे काढले. ज्या टेबलावर त्यांनी आजवर पाय ठेवले त्याला हात लावून तोच हात त्यांनी कपाळाला लावला. "अरे, पंडित को बुलाओ! सदर बाज़ार से फूल मँगाओ!"

तासाभरात नारळ आले, बत्तासे आले, पंडित आले. रिछारियांनी डोळे मिटून कानपूरला बदली मागितली, आणि तीही चांगली मोठ्यानं, देवीला ऐकू कमी येत असावं अशी.

"तो अब मैं ले जाऊँ?" कांचननं विचारलं.

"अरे बहनजी! माता खुद चलकर थाने आई हैं. अब कहाँ जाएँगी?"

"चलकर नहीं आईं. आपकी जीप में आई हैं."

"वही तो लीला है," रिछारिया म्हणाले.

कांचन खाली बसली आणि इंदूला पदराआड घेतलं. या देवी आहेत हे पटवायला ती आली होती, आणि शहाणीनं इतकं उत्तम पटवलं होतं की आता त्या परत मिळत नव्हत्या. चोर समजत होते तेव्हा निदान कचेरीचा रस्ता तरी होता. भक्तांकडून वस्तू सोडवायची कोणत्या कोर्टातून? घड्याळात पावणेतीन झाले.

इंदूचं पोट भरल्यावर ती उठली.

"बैठाइए," ती म्हणाली. "बस, हमारे यहाँ का नियम सुन लीजिए. ये दोनों बहनें हैं, मायके आई हैं. जो बैठाए, वही मायका. कल सोलह सब्ज़ियाँ, पूरणपोळी. घर की औरत नहाकर बनाएगी. परसों बिदाई. फिर अगले साल, और हर साल. आपके बाद आपका लड़का."

"हर साल?"

"हर साल."

"और तबादला हो गया तो?"

"तो साथ ले जाइए."

रिछारियांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "मान लो, किसी साल छूट गया. तब?"

यावर काहीतरी भयंकर ठोकून द्यायचं तिनं ठरवलं होतं. पण प्रश्न आला तेव्हा तिचा तळवा इंदूच्या पाठीवर होता, आणि त्याखाली श्वास वरखाली होत होता.

"मालूम नहीं," ती म्हणाली. "हमारे यहाँ किसी ने छोड़कर देखा नहीं."

दीवानजी हळूच पुढे सरकले. "हजूर, भौजी सें सोरा तरकारी न बन पाहैं." रिछारियांची बायको दोन भाज्यांच्या जेवणालाही कुरकुरते, हे सगळ्या ठाण्याला ठाऊक असावं, एकही शिपाई हसला नाही.

"इनकी अमानत इन्हें दे दो," रिछारिया म्हणाले. भक्ती उतरायला चढण्यापेक्षाही कमी वेळ लागला.

आता कागद. यादी कप्तानसाहेबांकडे, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखांकडे गेलेली होती, तेव्हा मालखान्यात दोन नग राहायलाच हवे होते. दीवानजींनी टाक कानामागे ठेवून बराच विचार केला आणि तोडगा काढला. मुंडी बेगुनाह, सुटका. धड़ बरामद, जमा. आणि डालड्याचे दोन्ही डबे, गव्हासकट, चिठ्ठ्या चिकटवून फळीवर चढले.

कांचननं कागद दोनदा वाचला, मग सही केली. साड्या काखोटीला मारल्या, मुखवटे पदरात घेतले, इंदूला उचललं आणि बाहेर आली. टांगेवाला अजून थांबला होता.

विद्याधर सायकल हातात धरून फाटकाशी उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे, घामानं शर्ट चिकटला होता. तिच्या पदरातलं पितळ पाहून त्याचा चेहरा उजळला. "मिळाले? मी म्हटलंच होतं, माणसं वाईट नाहीत. नीट बोललं की ऐकतात."

कांचननं थोरली त्याच्या उजव्या हातात दिली, धाकटी डाव्या. "टांग्यात बसा. चार वाजलेत. अन् खाली ठेवू नका."

"अगं पण सायकल?"

"राहू दे इथंच," ती टांग्यात चढत म्हणाली. "ठाण्यात वस्तू जपून ठेवतात."