लेकरू पाहायचा कार्यक्रम

धर्मेंद्र सर कुलदीपशी आयुष्यात एकच वाक्य बोलले होते. "डावा पाय जन्मापासूनच का?"

कुलदीप हो म्हणाला. सरांनी त्याच्या हातात एक फॉर्म ठेवला आणि ते गाडीत बसून अकोल्याला निघून गेले. अकोल्याचा मोर्णा युनायटेड म्हणजे मोठा फुटबॉल क्लब. राहायला वसतिगृह, राज्याच्या युवा लीगमध्ये संघ, मैदानावर खरंखुरं गवत. आणि हे सगळं ज्याच्या हातात, तो माणूस ना कौतुक करतो, ना पाठीवर थाप मारतो. भातकुलीच्या बाजारात वांगी घेणारा माणूससुद्धा याहून जास्त बोलतो. कुलदीपला तिथंच संशय आला.

संशय हा त्यांच्या घरचा मूळ व्यवसाय होता. भाजीपाला नंतर आला. वडील शालिकराम सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायचे, आणि एखादं गिऱ्हाईक घासाघीस न करता जुडी घेऊन गेलं, तर "याले आपल्या सांबारात काय दिसलं असन?" म्हणून उरलेल्या जुड्या उलटून पाहायचे. आई, शकुन, हवामानाचा अंदाज खरा ठरला की जास्त घाबरायची.

फॉर्मवर पालकांची सही लागत होती आणि तो सोमवारपर्यंत पोचला नाही, तर जागा वाशिमच्या कोणाला तरी जाणार होती. कुलदीपला जायचं होतं. पण तिथं जाऊन बेंचवर बसायचं नव्हतं, आणि नेमकं तेच होणार असं त्याला सगळे सांगत होते.

कुलदीप अमरावतीच्या ज्या अकादमीत खेळायचा, तिथल्या गोलकीपर अंकुरलाही फॉर्म मिळाला होता.

"तुले काय विचारलं बे त्यानं?" कुलदीपने विचारलं.

"चश्मा हाय काय म्हणे. मी म्हटलं, अभ्यासापुरता."

"मंग?"

"मंग काय, देल्ला फॉर्म. चश्म्याचा गोलकीपर कोणाले पाहिजन बे? गडबड हाय. तू जाशीन त मी जातो."

"मी त म्हटलं तू जाशीन त मी जातो."

असा चार दिवसांपासून त्यांचा निर्णय पक्का होता.

विपुल सरांनी, म्हणजे अकादमीच्या सरांनी, दोघांना जवळ बसवून समजावलं. "जा, खुशाल जा. मोठ्या क्लबात पोट्टे फोटोपुरते घेतात. मंग बेंचवर बसून पाणी पेत राहा." विपुल सरांच्या अकादमीत बेंचवर बसायचा धोका मुळीच नव्हता, कारण बेंच गेल्या दिवाळीत चोरीला गेला होता.

शेवटी शालिकरामांनी तोडगा काढला. "पोट्टं परक्या घरी द्याचं म्हणजे चौकशी कराच लागते. चंद्रभानले पाठवतो."

चंद्रभानमामा हे चौकशीतलं मोठं नाव. त्यांनी अकरा लग्नं जमवली होती आणि चौदा वाचवली होती. त्यांची एक पद्धत होती. ज्याची चौकशी करायची त्याच्या घरी कधीच जायचं नाही. आधी जवळचा पानठेला, मग पिठाची गिरणी, मग शेजारी. आणि बोलणं जपून, अदबीनं. मामा घरी कुलदीपला 'पोट्टा' म्हणत, पण परगावात पोट्टा शोभत नाही, म्हणून तिथं ते 'लेकरू' म्हणाले.

या एका शब्दात सगळं बिघडलं, पण ते तेव्हा कोणाला कळलं नाही. लेकरू ते लेकरू. त्याच्यावरून ते विटी-दांडू खेळतं की भातुकली, हे काही समजत नाही.

मामा गुरुवारी संध्याकाळी अकोल्याहून परत आले. चेहरा गंभीर होता.

"पानठेल्यावाला म्हणते, माणूस निर्व्यसनी हाय. सुपारी पण नाही खात."

"नक्की?" शालिकराम म्हणाले. "का दुसऱ्या ठेल्यावर खाते?"

"दुसऱ्या ठेल्यावर पण विचारलं. गिरणीवाली म्हणते, चौतीस वर्षांचा हाय, लग्न नाही झालं. मी तिले म्हटलं, आमचं लेकरू हाय, धर्मेंद्रच्या हाती द्याचं म्हणतो, कसं काय घर? त ते दळण तसंच सोडून मले शेजारच्या घरी घेऊन गेली. तिथं चहा देल्ला. मंग पोहे. मंग म्हणतात, जेवूनच जा."

"अनोळखी माणसाले जेवू घालून राहिले?" शकुन म्हणाली. "कावून? कशासाठी?"

"तेच म्हणतो मी. निघतानी माहा फोन नंबर घेतला, पत्ता घेतला, अन् तिघी-चौघी बायका मले टाटा करून राहिल्या."

"पाणी मुरते कुठंतरी," शालिकराम म्हणाले.

कुलदीपलाही ते पटलं. डावीकडून बचाव करणाऱ्या एका लेफ्ट बॅकसाठी चार बायका टाटा करतात, असा क्लब त्याने ऐकला नव्हता.

शुक्रवारी मामांच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. मामांनी स्पीकर सुरू केला.

"मी दुर्गाबाई बोलतो, धर्मेंद्रची आई. आमी रविवारी लेकरू पाहाले येतो. अन् हे पाहा, धर्मेंद्रले काही सांगू नका. आधी आमी गुपचूप पाहून घेतो."

मामांनी फोन ठेवला.

"क्लबात आई कामाले हाय काय?" शालिकरामांनी विचारलं.

"मोठ्या क्लबात सारे घरचेच अस्तात," मामा म्हणाले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, पण चौकशी करणाऱ्याला गप्प बसून चालत नाही.

कुलदीपने मनात हिशेब लावला. ही गुप्त तपासणी. कोचलाही न सांगता वरून कोणीतरी माणूस पाठवतं, मुलगा घरी कसा वागतो ते बघायला. त्याने शनिवारी नखं कापली.

रविवारी सकाळी अकराला दुर्गाबाई आल्या. सोबत शेजारच्या गोदाबाई. दोघींच्या अंगावर चांगली लुगडी, हातात पेढ्यांचा पुडा. कुलदीपला स्वयंपाकघरात थांबवलं होतं. बोलावलं की पाण्याचा ट्रे घेऊन यायचं, असं मामांचं सांगणं होतं. तो दाराआड उभा राहून ऐकत होता.

"घर छान हाय," दुर्गाबाई म्हणाल्या.

"जसं हाय तसं हाय," शालिकराम सावधपणे म्हणाले.

"लेकराले आवड कशाकशाची?"

"एकच. दिवसभर पायात बॉल."

दुर्गाबाई थोड्या थांबल्या. "बरं हाय. आमच्या धर्मेंद्रचं पण तसंच. दोघायचं जमन. सैपाक येते काय?"

"मॅगी येते," शकुन म्हणाली. "वसतिगृहात कराव लागते काय?"

"वसतिगृहात कावून? माह्या घरी राहीन ना."

शालिकरामांनी मामांकडे पाहिलं. फॉर्मवर वसतिगृह लिहिलं होतं आणि इथं कोचच्या घरी ठेवायचं चाललं होतं. लेकरू राबवून घेणार, भांडी घासायला लावणार! "हे कागदावर नाही बाई," ते म्हणाले.

"कागद कशाले? तोंडाचा शब्द हाय. उंची किती?"

"पाच अकरा."

"बाप्पा! धर्मेंद्रपेक्षा दोन बोटं जास्त. चालन. वय?"

"सतरा."

दुर्गाबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. गोदाबाईंनी ठेवली नाही, पण चावणं थांबवलं.

"सतरा? चंद्रभानभाऊ, पोलीस येतीन ना!"

"पोलीस कावून?" शालिकराम उठून उभे राहिले. "तुमच्याकडे त तेराव्या वर्षापासून घेतात!"

"तेरा!" दुर्गाबाई किंचाळल्या. "कोणं घेतलं? माहा पोरगा असा नाही!"

हा गोंधळ ऐकून आपल्याला बोलावलंय असं कुलदीपला वाटलं आणि तो ट्रे घेऊन बाहेर आला. पाच फूट अकरा, पायात शॉर्ट्स, ओठावर नुकती उगवलेली मिशी.

"हे घ्या," मामा म्हणाले, "आमचं लेकरू."

दुर्गाबाईंनी खालून वर पाहिलं, मग वरून खाली. बराच वेळ कोणी पाणी घेतलं नाही. मग गोदाबाईंनी त्या दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"नाक बरं हाय."

उलगडा व्हायला अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं मामा 'मी पोट्टी कधी म्हटलं?' एवढंच म्हणत होते. दुर्गाबाई रडवेल्या झाल्या. सहा वर्षांपासून धर्मेंद्र लग्नाचं नाव काढू देत नव्हता, 'लीग झाल्यावर' म्हणायचा, आणि लीग दरवर्षी नव्यानं सुरू व्हायची.

शालिकरामांनी मात्र संधी ओळखली. घरचं माणूस, ते पण चिडलेलं. याहून चांगली चौकशी कुठं मिळणार? "मंग कसा हाय तुमचा पोरगा?"

"हट्टी. बोलत नाही कोणाशी. मागच्या साली दोन पोट्टे पळून गेले, इतका पळवते."

"मारते?"

"नाही. मारलं असतं त पोट्टे राहिले असते."

कुलदीपला राहवलं नाही. "मावशी, मले बेंचवर त नाही ना बसवन?"

"बेंचवर?" दुर्गाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "त्याच्यापाशी डाव्या बाजूले माणूसच नाही. पंधरा दिवस झाले, अंगणात मले उभी करते. उजवीकडे तुळस, मधात पाण्याचा ड्रम, डावीकडे मी. म्हणते, आई, बॉल तिकडून आला का तू काय करशीन? मी म्हटलं, भाजीले फोडणी देईन." त्या थांबल्या. "अन् भातकुलीचा एक पोट्टा पाह्यला म्हणते. तूच असशीन तो. पाय चांगला, पर पुढे गेला का वापसच येत नाही. जसा मूर्तिजापूरले गाडी बदलाले उतरला अन् तिथंच राहून गेला. मागची सारी जागा उघडी. म्हणते, आला त पहिले हेच दुरुस्त करतो."

कुलदीपचे कान तापले. चार वर्षांत विपुल सरांनी त्याला 'भारी' आणि 'लय भारी' याखेरीज काही सांगितलं नव्हतं. अंकुर गोलमधून ओरडायचा, पण गोलकीपर ओरडतातच. मागच्या सहा सामन्यांत झालेले गोल त्याने आठवले. सगळे डावीकडूनच झाले होते. तेव्हा त्याला अंकुरच्या चश्म्याचा संशय आला होता.

शालिकरामांनी फॉर्म आणला, पेन उघडलं आणि थांबले. "माहा संशय काही गेला नाही. तो माह्यापाशी राहू दे. तू सांग, जातं का?"

"जातो," कुलदीप म्हणाला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा आला.

सही झाली. कुलदीपने अंकुरला मेसेज केला, 'चाललो.' लगेच उत्तर आलं, 'कावून?'

मग त्याने धर्मेंद्र सरांना फोन लावला. "स्पीकरवर टाक," वडील म्हणाले. दुर्गाबाईंनी ओठावर बोट ठेवून सगळ्यांना दटावलं. आपण इथं आहोत हे मुलाला कळता कामा नये.

"सर, भातकुलीहून कुलदीप. मी येतो."

"बरं."

"अन् सर, बॉल गेला का मी वापस पळत येईन."

पलीकडून सावध आवाज आला. "हे तुले कोणं सांगतलं? मी कोणालेच नाही सांगतलं."

"असंच सर. वाटलं."

"हं." सरांना पटलं नाही, हे स्पष्ट ऐकू आलं. "आज रात्रीच वसतिगृहात पोच. उद्या सकाळी सहाले मैदानावर पाहिजन. उपाशीपोटी ये."

"उपाशी कावून?" दुर्गाबाई एकदम कडाडल्या. "वाढतं लेकरू हाय! साडेपाचले घरी बलाव त्याले, मी दोन पोळ्या घालतो, मंग पळव किती पळवतं ते!"

अकोल्यात कुठंतरी कोणीतरी शिट्टी वाजवत होतं, ती थांबली.

"आई?" धर्मेंद्र सर म्हणाले.

दुर्गाबाईंनी फोनकडे पाहिलं. मग पेढ्यांचा पुडा शकुनच्या हातात कोंबला, गोदाबाईंना दंडाला धरून उठवलं आणि दबक्या आवाजात मामांना विचारलं, "भाऊ, अकोल्याची गाडी कितीची हाय? त्याच्या आधी घरी पोचाव लागते."